कुणाचं नाव घ्यायचं आणि कुणाचं नाही: नववीतल्या एका मुलीचं डग्लस-वाचन

मध्य न्यू जर्सीतल्या एका पब्लिक हायस्कूलमध्ये नववीच्या ॲक्सिलरेटेड इंग्लिशच्या वर्गात शिकणाऱ्या एका मराठी मुलीचं हे प्रकरण आहे. मुलगी चौदा वर्षांची, जन्म इकडचाच, घरी मराठी बोलणारी आणि वाचनाचं वेड असलेली. आठवीपर्यंत इंग्रजीत तिला 'ए'च्या खाली काही मिळालं नव्हतं. नववीत अमेरिकन साहित्य सुरू झालं आणि गुलामगिरीतून पळून सुटलेले लेखक-वक्ते फ्रेडरिक डग्लस यांच्या १८४५ सालच्या आत्मकथनावर लिहिलेला पहिला मोठा निबंध 'बी वजा' होऊन परत आला. खाली शिक्षिकेनं लिहिलं होतं, "पुस्तकात काय आहे ते तू नीट सांगितलंस. तुझं म्हणणं काय आहे?"

मी पूर्वी महाराष्ट्रात ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवत असे. आता इथं शनिवार-रविवारी ओळखीच्या मुलांबरोबर वाचायला बसते. आईचा फोन आला तेव्हा तिचं म्हणणं होतं की मुलीचा शब्दसंग्रह कमी पडत असावा. "ताई, तिला जरा अवघड शब्दांची यादी करून द्याल का?" वडिलांना वाटत होतं की वर्गच बदलून घ्यावा, साध्या वर्गात 'ए' मिळेल, ट्रान्स्क्रिप्ट तरी स्वच्छ राहील. दोघांचीही काळजी खरी होती, पण दुखणं तिथं नव्हतं. ते कुठं होतं आणि त्यावर काय केलं, हे जरा तपशिलानं मांडते. मुलीची आणि घरच्यांची परवानगी घेतली आहे.

वर्ग आणि त्याचं ओझं

अमेरिकन हायस्कूलमध्ये इंग्रजीचा सर्वसाधारण क्रम असा असतो: नववी-दहावीत कथा, नाटक, कविता, जागतिक साहित्य, अकरावीत अमेरिकन साहित्य, बारावीत ब्रिटिश साहित्य किंवा आवडीचा कोर्स. जिल्ह्याजिल्ह्यात फरक पडतो, पण साचा हाच. २०१० साली आलेल्या 'कॉमन कोअर' या शालेय अभ्यासाच्या मानकांतसुद्धा अठराव्या, एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या पायाभूत अमेरिकन कृतींची जाण ही अपेक्षा अकरावी-बारावीच्या गटात ठेवलेली आहे. ॲक्सिलरेटेड वर्गात हाच अभ्यास पुढं ओढून नववीत आणतात, म्हणजे वरच्या वर्षांत एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या, कोर्सना जागा होते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसाठी बेतलेलं वाचन इथं चौदाव्या वर्षी समोर येतं.

या वर्गाच्या यादीत टॉमस पेनच्या लेखनातले उतारे होते, थोरोचा १८४९चा सविनय प्रतिकारावरचा निबंध होता, व्हिटमन आणि एमिली डिकिन्सन यांच्या कविता, आर्थर मिलरचं 'द क्रुसिबल', लॉरेन हॅन्सबेरीचं 'अ रेझिन इन द सन', शेवटी 'द ग्रेट गॅट्सबी'. आणि त्या सगळ्यांच्या आधी डग्लस. शिक्षिकेनं डग्लस पहिले का घेतले हे मला आवडलं: पुस्तक लहान, अकरा प्रकरणांचं, भाषा स्वच्छ, आणि वाचून झाल्यावर मुलांना वाटतं की आपल्याला सगळं कळलं. नेमकं तेच तिला हवं होतं. पुस्तकातला काळ्या लोकांसाठीचा अपमानकारक शब्द वर्गात मोठ्यानं उच्चारायचा नाही, हा नियम तिनं पहिल्याच तासाला घालून दिला होता, आणि तो पाळलाही गेला.

पहिला निबंध

मी आधी निबंध वाचला नाही, तिची पुस्तकाची प्रत मागितली. पानापानावर पिवळा हायलायटर फिरला होता. समासात पेन्सिलनं 'दुःखद', 'क्रौर्य', 'उपरोध', 'महत्त्वाचं' अशा नोंदी. सहाव्या प्रकरणात ह्यू ऑल्ड आपल्या बायकोला, सोफियाला, लहान फ्रेडरिकला अक्षरं शिकवण्यापासून थांबवतो, त्या पानावर तर एकही ओळ पांढरी राहिलेली नव्हती. प्रस्तावनेची पानं मात्र कोरीकरकरीत होती.

निबंध पाच परिच्छेदांचा. पहिल्यात विधान: गुलामगिरी अमानुष होती आणि शिक्षणानं डग्लस यांना स्वातंत्र्याची वाट दाखवली. मधल्या तीन परिच्छेदांत तीन प्रसंग: अक्षरओळख, गुलामांना मारून वठणीवर आणणाऱ्या कोव्हीशी झालेली झुंज, सुटका. शेवटी पहिलाच परिच्छेद शब्द बदलून. व्याकरण निर्दोष, अवतरणं बरोबर, पानांचे आकडेसुद्धा बरोबर.

अशा निबंधाला माझ्या जुन्या कॉलेजात भरघोस गुण मिळाले असते, आणि मी ते दिलेही असते, कारण आमची परीक्षाच तशी होती. इथल्या शिक्षिकेची कसोटी वेगळी होती आणि ती मला पटते. गुलामगिरी अमानुष होती, या विधानावर वर्गातल्या कुणाचंही दुमत नाही. ज्यावर कुणी वाद घालणार नाही ते सिद्ध करायला पुरावे गोळा केले, की निबंधाचा सारांशच होतो. मुलगी हुशार होती म्हणून सारांश सुबक झाला, इतकंच.

मला जाणवलेलं दुसरं कारण जास्त खोल होतं. विषय इतका वेदनेचा आहे की त्यातल्या लिखाणाच्या बांधणीकडं बघणं तिला जवळजवळ असभ्य वाटत होतं. "काकू, त्यांच्यावर एवढं सगळं झालं, आणि मी त्यांनी वाक्य कसं लिहिलंय ते बघत बसू?" असं तिनं विचारलं. प्रश्न प्रामाणिक होता. मी म्हटलं, डग्लस यांनी हे पुस्तक सहन केलं नाही, ते लिहिलं. सहन केलेलं आयुष्य वेगळं. ते त्यांच्यावर लादलेलं होतं. पुस्तकातला प्रत्येक शब्द मात्र त्यांनी निवडलेला आहे. त्या निवडीकडं बघितलं नाही, तर त्यांनी स्वतः केलेली गोष्टच आपण बघत नाही.

ती काही बोलली नाही. तिला हे लगेच पटलं असं मी म्हणणार नाही.

कोरी राहिलेली पानं

सुरुवात आम्ही तिनं न वाचलेल्या भागापासून केली. पुस्तकाच्या आरंभी विल्यम लॉइड गॅरिसन यांची प्रस्तावना आणि वेंडेल फिलिप्स यांचं पत्र आहे. दोघेही गोरे, दोघेही बोस्टनमधले नामांकित गुलामगिरीविरोधक. मुलं ही पानं सर्रास ओलांडून जातात, कारण भाषा जड आहे आणि त्यांवर चाचणीत प्रश्न येत नाही.

पण ती तिथं का आहेत? १८३८च्या सप्टेंबरात डग्लस मेरीलँडमधून पळाले. पुढच्या काही वर्षांत ते गुलामगिरीविरोधी सभांमध्ये वक्ते म्हणून गाजले. इतके गाजले की ऐकणारे शंका घेऊ लागले: असं बोलणारा माणूस गुलाम होताच कसा? तो कुठून पळाला, मालक कोण, हे तो सांगत का नाही? आत्मकथन हे या शंकेला दिलेलं उत्तर होतं. त्यात मालकांची नावं आहेत, मळ्यांची आहेत, काउंटीचं नाव आहे. पण नावं छापली म्हणजे आपण कोण हे मालकालाही कळवलं. कायद्याच्या दृष्टीनं डग्लस तेव्हाही पळालेले गुलामच होते. पुस्तक निघालं आणि काही महिन्यांतच त्यांना आयर्लंड-इंग्लंडला जावं लागलं. तिथल्या मित्रांनी पैसे जमवून १८४६ साली त्यांचं स्वातंत्र्य विकत घेतलं, तेव्हा ते कायद्यानं मोकळे झाले.

हे ऐकून मुलगी ताठ बसली. "म्हणजे नाव लिहिणं धोक्याचं होतं?"

"हो. मग बघ, त्यांनी कुणाकुणाची नावं लिहिली आहेत."

मी एवढंच सांगितलं. पुढचं काम तिचं आहे. वहीच्या मागच्या पानावर तिनं दोन रकाने आखले आणि पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं, या वेळी हायलायटरशिवाय.

दोन रकाने

पुढच्या शनिवारी ती वही घेऊन आली तेव्हा डावा रकाना पान उलटून पुढं गेला होता. कर्नल लॉइड, कॅप्टन अँथनी, मुकादम प्लमर आणि सिव्हिअर, ऑस्टिन गोर, एडवर्ड कोव्ही, थॉमस ऑल्ड. गोरच्या नावापुढं तिनं चांदणी काढली होती. चौथ्या प्रकरणात हा गोर डेम्बी नावाच्या गुलामाला पाण्यात उभा असताना गोळी घालतो. त्याबद्दल लिहिताना डग्लस फक्त नाव देऊन थांबत नाहीत. मी निघालो तेव्हा हा गृहस्थ टॅल्बट काउंटीत सेंट मायकल्सला राहत होता, जिवंत असेल तर बहुधा अजून तिथंच असेल, असं ते सांगतात. "काकू, त्यांनी पत्ता दिलाय!" असं ती जवळजवळ ओरडलीच. पुस्तक हातात घेऊन इतकी उत्तेजित झालेली मी तिला प्रथमच बघत होते.

उजव्या रकान्यात नावं नव्हती, रिकाम्या जागा होत्या. सातव्या प्रकरणात बाल्टिमोरमधली गोरी पोरं भाकरीच्या तुकड्याच्या बदल्यात फ्रेडरिकला वाचायला शिकवतात. डग्लस म्हणतात की त्यांतल्या दोन-तीन मुलांची नावं कृतज्ञतेनं लिहावीशी वाटतात, पण शहाणपण आड येतं. मला काही होणार नाही, त्यांची मात्र अडचण होईल, कारण या ख्रिस्ती देशात गुलामाला वाचायला शिकवणं हा जवळजवळ अक्षम्य गुन्हा आहे. ती फिलपॉट स्ट्रीटवर, जहाजाच्या गोदीजवळ राहत, एवढंच ते सांगतात. पुढं दहाव्या प्रकरणात ते स्वतः इतर गुलामांना रविवारी वाचायला शिकवतात. तो वर्ग एका स्वतंत्र काळ्या माणसाच्या घरी भरायचा. त्याचंही नाव नाही, आणि का नाही हेही सांगितलेलं आहे. मग अकरावं प्रकरण, जिथं वाचकाला सुटकेची हकीकत हवी असते. तिथं डग्लस पहिल्याच परिच्छेदात दार लावून घेतात. कसा पळालो ते सांगणार नाही: मदत करणारे अडचणीत येतील आणि मालक लोक जास्त सावध होतील. पलायनाच्या गुप्त वाटांचा जाहीर बोभाटा करणाऱ्या आपल्याच बाजूच्या लोकांवरही ते तिथं टीका करतात. खलाशाचा वेश, उसनी कागदपत्रं आणि रेल्वे ही हकीकत त्यांनी छापून सांगितली ती १८८१ साली, गुलामगिरी घटनेनं रद्द होऊन सोळा वर्षं झाल्यावर.

वहीतल्या या पानावरून तिचं विधान तयार झालं. मी शब्द दिले नाहीत, फक्त "म्हणजे काय?" एवढं पुन्हापुन्हा विचारत राहिले. तिचं म्हणणं साधारण असं झालं: या पुस्तकात सांगणं हे जसं हत्यार आहे, तसंच न सांगणंही आहे. अत्याचार करणाऱ्यांना डग्लस नावागावासकट चव्हाट्यावर आणतात आणि मदत करणाऱ्यांना गुप्ततेचं संरक्षण देतात. आयुष्यभर ज्याच्याबद्दलची प्रत्येक गोष्ट दुसऱ्यांनी ठरवली, ज्याला स्वतःची जन्मतारीखसुद्धा कळू दिली नाही, तो माणूस इथं कुणाला काय कळेल हे स्वतः ठरवतो.

शेवटचं वाक्य वाचून मी थोडा वेळ गप्प बसले. पहिल्या प्रकरणातली जन्मतारखेची गोष्ट सगळी मुलं हायलाइट करतात. ती अकराव्या प्रकरणाला जोडलेली मी याआधी विद्यार्थ्याच्या लिखाणात पाहिली नव्हती.

न बसणारी नावं

इथं प्रकरण संपलं असतं तर ते चांगल्या शिकवणीचं उदाहरण झालं असतं, पण शिक्षिका माझ्यापेक्षा कडक निघाली. पुनर्लेखनाआधी मुलांना तिच्याशी दहा-पंधरा मिनिटं बोलावं लागतं. तिनं विधान वाचलं, छान म्हटलं, आणि तीन नावं कागदावर लिहून दिली: डेव्हिड रगल्स, नेथन जॉन्सन, सँडी जेंकिन्स. तिघंही मदत करणारे. तिघांचीही नावं पुस्तकात आहेत.

मुलगी रडवेली होऊन घरी आली. विधान फुटलं असं तिला वाटलं. त्या संध्याकाळी आम्ही व्हिडिओ कॉलवर बोललो आणि मी तिला एकच सांगितलं, की उदाहरण विरोधात जातं तेव्हा दोनच शक्यता असतात. विधान खोटं असतं, नाहीतर अर्धवट असतं. कुठली ते शोध.

रगल्स न्यूयॉर्कचे. तिथं पोचलेल्या, भेदरलेल्या तरुणाला त्यांनी आसरा दिला. जॉन्सन मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्डचे. त्यांनीच नवं आडनाव सुचवलं. मूळचा बेली, बाल्टिमोर सोडताना स्टॅन्ली, न्यूयॉर्कात जॉन्सन, आणि न्यू बेडफर्डमध्ये जॉन्सन फार झाले म्हणून डग्लस. ते नाव नेथन जॉन्सन तेव्हा वाचत असलेल्या एका स्कॉटिश काव्यातलं. मुलीला दुसऱ्या दिवशी उत्तर सापडलं: हे दोघंही गुलामगिरी नसलेल्या राज्यांत राहणारे होते. म्हणजे रेघ चांगले आणि वाईट यांच्यामधून जात नाही. जिथं नाव घेतल्यानं माणूस गोत्यात येतो आणि जिथं येत नाही, यांच्यामधून ती जाते. विधान अर्धवट होतं, आता जास्त नेमकं झालं. पळून जाण्याच्या फसलेल्या बेतातल्या सोबत्यांची नावंही याच हिशेबात बसतात. ते आधीच पकडले गेले होते, त्यांचं नाव मालकांना नव्यानं कळायचं राहिलं नव्हतं.

सँडी मात्र बसेना. सँडी जेंकिन्स मेरीलँडमधलाच गुलाम. कोव्हीच्या माराला कंटाळून रानात लपलेल्या फ्रेडरिकला तो आपल्या बायकोच्या घरी नेतो, एक मुळी देतो, ती जवळ बाळगलीस तर गोरा माणूस तुला फटके मारू शकणार नाही असं सांगतो. नंतरच्या पळून जाण्याच्या बेतात तो आधी सामील असतो, मग मागं फिरतो, पण इतरांना धीर देत राहतो. हे सगळं त्याच्या नावानिशी छापलेलं आहे.

मुलीनं बरेच तर्क लढवले. सँडीला कमी धोका होता का? डग्लस त्याच्यावर थोडे नाराज होते का? मुळीवरचा त्याचा विश्वास दाखवायला खरं नाव हवं होतं का? प्रत्येक तर्काला मी विचारलं, "हे पुस्तकात कुठं आहे?" आणि प्रत्येक तर्क खाली ठेवावा लागला. शेवटी तिनं निबंधात एक परिच्छेद सँडीलाच दिला. त्यात तिनं लिहिलं की माझ्या मांडणीत सँडीची जागा लागत नाही, आणि ज्या पुस्तकात इतकं जपून मौन पाळलेलं आहे, तिथं हे एक नाव उघडं का राहिलं हा प्रश्न मी वाचकासमोर ठेवते.

माझ्या मते संपूर्ण निबंधातला हा सर्वांत पक्व परिच्छेद होता. आपल्या मुलांना लहानपणापासून उत्तर पूर्ण असलं पाहिजे असं शिकवलेलं असतं. न सुटलेली गोष्ट न सुटलेली म्हणून मांडायची आणि तरीही बाकीच्या मुद्द्यावर ठाम उभं राहायचं, याला धैर्य लागतं. पुनर्लेखनाला 'ए वजा' मिळालं. वजा कशाबद्दल ते शिक्षिकेनं लिहिलं होतं: कोव्हीबरोबरच्या झुंजीचा परिच्छेद जुन्या निबंधातून जसाच्या तसा उचललेला होता आणि नव्या विधानाशी त्याचा संबंध नव्हता. बरोबर होतं तिचं.

चर्चेत आलेली ओवी

मधल्या काळात सॉक्रॅटिक सेमिनार झाला. मुलं गोलात बसतात, शिक्षक बोलत नाही, पुस्तकातली ओळ दाखवल्याशिवाय मत मांडायचं नाही. विषय होता दुसऱ्या प्रकरणातली गुलामांची गाणी. उत्तरेतले लोक या गाण्यांना सुखाचा पुरावा समजतात याचं डग्लस यांना आश्चर्य वाटतं. माणूस सर्वांत दुःखी असतो तेव्हाच जास्त गातो, असं ते लिहितात. आमच्या मुलीनं तिथं जात्यावरच्या ओव्यांची गोष्ट सांगितली. पणजी पहाटे दळताना माहेरच्या आठवणी आणि सासरचा जाच ओवीतून म्हणायची, आणि माजघरात झोपलेल्यांना ते नुसतं गाणं वाटायचं, असं आजीनं तिला सांगितलं होतं.

वर्गानं मन लावून ऐकलं. मग एका काळ्या वर्गमित्रानं शांतपणे विचारलं की तुझ्या पणजीला कुणी विकू शकत होतं का? मुलगी म्हणाली, नाही. तो म्हणाला, मग आपण दोन्ही गोष्टी ठेवू, पण एका ओळीत नको. हे तिनं मला सांगितलं तेव्हा ती दुखावलेली नव्हती, विचारात पडली होती. घरचं उदाहरण आणल्याबद्दल तिचं कौतुकच व्हायला हवं, आणि त्याची मर्यादा दाखवणाऱ्या त्या मुलाचंही. परदेशातल्या वर्गात आपल्या संस्कृतीचा दाखला दिला की सगळे माना डोलावतात, तिथंच विषय संपतो. इथं तसं झालं नाही.

जोतीरावांची अर्पणपत्रिका

या प्रसंगाचा उपयोग लगेचच झाला. सत्राच्या शेवटी शोधनिबंध होता: डग्लस यांच्या लेखनाचा अमेरिकेबाहेरच्या एखाद्या लेखनाशी संबंध तपासा. तिच्या वडिलांनी शेल्फावरून महात्मा फुले समग्र वाङ्मय काढून दिलं. १८७३ साली प्रसिद्ध झालेल्या 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका इंग्रजीत आहे आणि ती युनायटेड स्टेट्समधल्या सज्जन लोकांना उद्देशून आहे. काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेल्या उदात्त, निरपेक्ष, स्वार्थत्यागी निष्ठेचं कौतुक म्हणून, आणि माझ्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवून आपल्या शूद्र बांधवांना ब्राह्मणी दास्यातून सोडवावं या इच्छेनं, असा तिचा आशय आहे. न्यू जर्सीत वाढलेल्या मुलीला पुण्यातल्या दीडशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकात आपल्या देशातल्या लोकांचं नाव सापडलं. तिचा आनंद मला समजतो. मलाही तो झाला.

आनंदाच्या भरात पहिला आराखडा असा झाला: फुल्यांनी डग्लस वाचले आणि त्यातून 'गुलामगिरी' लिहिली. शिक्षिकेनं एकच शब्द लिहून आराखडा परत केला: पुरावा? अर्पणपत्रिकेत डग्लस यांचं नाव नाही. टॉमस पेनचं 'राइट्स ऑफ मॅन' जोतीरावांनी तरुणपणी वाचलं होतं हे त्यांच्या चरित्रांत येतं, आणि पेन या वर्गाच्या यादीत होताच, पण पेन म्हणजे डग्लस नव्हे. या वेळी मुलगी रडली नाही. प्रभावाचा मुद्दा तिनं स्वतःच काढून टाकला आणि दोन रकान्यांची वही पुन्हा उघडली. हा लेखक कुणाशी बोलतो आहे, असा प्रश्न तिनं दोन्ही पुस्तकांना विचारला.

डग्लस उत्तरेतल्या गोऱ्या, ख्रिस्ती, सुशिक्षित वाचकाशी बोलतात. त्याला पटवायचं आहे, म्हणून गोऱ्या माणसांच्या प्रस्तावना आहेत आणि म्हणून शेवटच्या परिशिष्टात खरा ख्रिस्तधर्म आणि गुलामांच्या मालकांचा धर्म यांत ते स्वच्छ फरक करतात. जोतीराव अर्पणपत्रिकेत अमेरिकनांकडं बघतात, पण पुस्तकातला धोंडीबा आणि जोतीराव यांचा संवाद मराठीत चालतो. तो ज्यांना गुलामगिरीत ठेवलं त्यांच्याच कानांसाठी आहे. कुणा वरच्या माणसाच्या शिफारसपत्राची त्याला गरज नाही. एकाला अत्याचार करणाऱ्या समाजाला जागं करायचं आहे, दुसऱ्याला अत्याचार सोसणाऱ्यांना.

मग तिनं एक गोष्ट जोडली, जी मला सुचली नसती. ज्या अमेरिकन लोकांना जोतीराव लांबून निःस्वार्थ म्हणतात, त्यांनाच डग्लस यांनी ५ जुलै १८५२ रोजी रॉचेस्टरमध्ये तोंडावर विचारलं होतं की तुमच्या चार जुलैशी गुलामाचा काय संबंध? दोघांपैकी कुणी चुकलं असं तिनं लिहिलं नाही. एक यादवी युद्धाच्या आधी, आतून बोलतो आहे. दुसरा गुलामगिरी संपल्यावर आठ वर्षांनी, सात समुद्रापलीकडून बोलतो आहे आणि आपल्या लोकांपुढं ठेवायला त्याला एक घडलेलं उदाहरण हवं आहे, अशी तिची मांडणी होती. १८७३ साली अमेरिकेच्या दक्षिणेत ते उदाहरण किती टिकेल याची लढाई चालूच होती, हेही तिनं इतिहासाच्या तासाला शिकलेल्या रीकन्स्ट्रक्शनच्या, म्हणजे यादवी युद्धानंतर दक्षिणेची घडी नव्यानं बसवण्याच्या काळाच्या, आधारे लिहिलं.

वडिलांनी वर्ग बदलण्याचा विषय त्यानंतर काढला नाही. उलट आता 'गुलामगिरी' ते स्वतः पहिल्यांदा सलग वाचताहेत, असं आई म्हणाली.

आत्ताची स्थिती

सगळं सुटलेलं नाही. वर्गात पंचेचाळीस मिनिटांत लिहायच्या निबंधात ती अजूनही पाच परिच्छेदांच्या सारांशाकडं घसरते. घड्याळ समोर असलं की जुनी सवय डोकं वर काढते. दोन रकाने आखून पुस्तक पुन्हा वाचायला जो निवांतपणा लागतो तो परीक्षेत नसतो, आणि वरच्या वर्गातल्या एपी परीक्षेत तर नसेलच. त्यावर शिक्षिका आणि मी वेगवेगळ्या मतांच्या आहोत. तिला वाटतं की रोज दहा मिनिटं वेळ लावून फक्त विधान लिहायचा सराव करावा. मला वाटतं की त्याआधी एका उताऱ्यावर एकच चांगला प्रश्न लिहायचा सराव हवा, कारण विधान प्रश्नातून येतं. सध्या मुलगी दोन्ही करते आहे. शाळेत तिचं, शनिवारी माझं.

पुढचं पुस्तक 'द क्रुसिबल' आहे. पहिला अंक वाचून झाल्यावर तिनं मला मेसेज पाठवला: या नाटकात जीव वाचवायचा तर दुसऱ्याचं नाव घ्यावं लागतं, मग वहीत तिसरा रकाना आखू का? मी आख म्हटलं आहे.